आमच्या शेळ्यांचा वेताचा हंगाम

आमच्या शेळ्या व्यातात दसरा-दिवाळीच्या सुमाराला, पण त्याची तारीख ठरते मे महिन्यात. हे आधी कळलं असतं तर बरं, असं गोठा घालणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, म्हणून तिथूनच सांगते.

वेंगुर्ल्याच्या बाजूला आमचं घर. मागे काजूची बाग, बागेच्या कडेला चिऱ्याच्या जोत्यावर गोठा. शेळ्या दुधासाठी पाळलेल्या; काही सुरती, बाकी सुरती बोकड आणि गावठी शेळी यांच्या संकरातल्या. आमच्या जिल्ह्याची खरी जात कोकण कन्याळ. कुडाळ तालुक्यात निळेलीला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं केंद्र आहे, तिथे तिच्यावर बरंच काम झालंय. पण ती मुख्यतः मटणाची. सुरती दुधाला बरी आणि बांधून पाळली तरी सोसते, म्हणून आम्ही तिच्याकडे वळलो.

शेळी साधारण दीडशे दिवस गाभण असते, पाच दिवस इकडे किंवा तिकडे. आपल्याकडच्या शेळ्या वर्षभर माजावर येतात. त्यामुळे बोकड कळपात मोकळा सोडला तर त्या कधीही व्यातात, आणि कोकणात ‘कधीही’ म्हणजे भर जुलैतसुद्धा. पावसाच्या चार महिन्यांत आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भिंतींना ओल, पेंढा दमट, फळ्यांवर बुरशी. त्या हवेत नुकतं जन्मलेलं करडू गारठतं, आठवड्याभरात खोकायला लागतं आणि मग दवाखान्याच्या फेऱ्या. म्हणून बोकड आम्ही वर्षभर लांब, आंब्याखालच्या वेगळ्या खोपीत ठेवतो. त्याचा वास दुधालाही लागतो, ते वेगळंच. मेच्या मध्यावर त्याला शेळ्यांजवळ आणायचं. इतके दिवस न दिसलेला बोकड एकदम समोर आला की चार-आठ दिवसांतच बऱ्याच शेळ्या माज दाखवायला लागतात: शेपटी सारखी हलते, ओरडणं थांबत नाही, खाण्यात लक्ष नसतं. वीस मेला लागलेली शेळी सतरा ऑक्टोबरच्या आसपास व्याणार, असा हिशेब वहीत. अठरा ते एकवीस दिवसांनी ती परत माजावर आली तर आधीची तारीख खोडून नवी. जंताचं औषध बोकड आणण्याआधीच देऊन टाकते, कारण काही जंतनाशकं गाभणपणाच्या सुरुवातीला चालत नाहीत.

पावसाळ्याचं फार सांगण्यासारखं नाही. ओला पाला तसाच टाकला की शेळ्या पातळ हगतात, म्हणून फणसाचा आणि गिरिपुष्पाचा पाला आदल्या संध्याकाळी तोडून वळचणीला टांगायचा. खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा; पांढरट दिसली की पोटात रक्त पिणारे जंत आहेत असं समजायचं. ऑगस्टच्या मध्यापासून दूध आटवायला घ्यायचं, म्हणजे व्यायच्या आधी कासेला दोन महिने विश्रांती मिळते.

आणि नेमकं तेव्हाच लोक दूध मागायला येतात! डेंग्यूची साथ पावसाच्या शेवटी वाढते, आणि शेळीच्या दुधाने प्लेटलेट वाढतात ही समजूत आता गावोगाव पोचली आहे. त्याला शास्त्रीय आधार नाही हे मी येणाऱ्याला सांगते, पण घरात तापाने फणफणलेलं माणूस असताना कोण ऐकतो? चढा भाव द्यायलाही तयार असतात. आमच्या बादल्या तेव्हा पालथ्या. सासूबाईंना याचा फार राग येतो, मला थोडा कमी.

गणपती गेले की खरी गडबड सुरू. पोटातल्या करडाची बरीचशी वाढ शेवटच्या सहा-आठ आठवड्यांत होते, म्हणून रोजच्या चाऱ्यावर अडीचशे-तीनशे ग्रॅम खुराक चढवायचा: मक्याची भरड, शेंगदाण्याची पेंड, कोंडा, क्षार मिश्रण. दोन-तीन करडं पोटात असली की चाऱ्याला जागाच उरत नाही. शेळी अंगावरची चरबी जाळायला लागते, सुस्त होते, खाणं टाकते, तोंडाला गोडसर वास येतो. लठ्ठ शेळीला हा धोका जास्त, त्यामुळे आधीपासून चारून फुगवण्यात अर्थ नाही. व्यायच्या तीन-चार आठवडे आधी आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यातल्या जंतूंच्या विषाने होणाऱ्या रोगाची, लस. करडाला वारेतून (प्लासेंटामधून) रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, ती सगळी चिकातून येते. आईला वेळेवर टोचलं तर चिकात ती उतरते.

गोठ्यात आमच्या शेळ्या फटी ठेवलेल्या फळ्यांवर उभ्या असतात, लेंड्या-मूत खाली पडतं. मोठ्या शेळीला ते उत्तम, पण जन्मलेल्या करडाचा पाय फटीत अडकतो. म्हणून कोपऱ्यात जमिनीवर कुडाची खोली केली आहे. चुना मारायचा आणि वर जाड थर भाताच्या पेंढ्याचा. नवा पेंढा अजून शेतातच असतो, म्हणून गेल्या वर्षीचा कोरडा राखून ठेवावा लागतो.

आता रात्री. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना बोटांएवढ्या जाड शिरा लागतात. त्या हाताला लागेनाशा झाल्या की साधारण एका दिवसात व्याणार. कास ताणून चकचकीत होते, शेळी कळपातून बाजूला जाते, पुढच्या पायाने पेंढा उकरते, उठते, बसते, स्वतःच्या पोटाकडे वळून बोलल्यासारखी हलकेच ओरडते. हे तासन् तास चालतं. त्यात हात घालायचा नाही. बहुतेक शेळ्या आपल्या आपण व्यातात, आणि माणसाने करायचं ते एवढंच की घड्याळ बघायचं. जोराच्या कळा सुरू होऊन अर्धा तास झाला आणि काही पुढे सरकलं नाही, तर मात्र थांबायचं नाही.

यंदा चंद्रीच्या वेळी तो अर्धा तास भरला. परतीच्या पावसाचा गडगडाट, वीज गेलेली, सासूबाईंच्या हातात बॅटरी. दोन खूर आणि त्यांवर टेकलेलं नाक, असं करडू दिसायला हवं. दिसत होतं नाक आणि एकच खूर. आमच्या भागातल्या डॉक्टरांना फोन लावला, ते दुसऱ्या गावात एका गाईपाशी होते. १९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या मदत क्रमांकावर नोंद केली आणि डॉक्टरांनी फोनवरच सांगायला सुरुवात केली. नखं कापलेली होतीच. हात कोपरापर्यंत साबणाने धुतले, मोजा चढवला, वर भरपूर लिक्विड पॅराफिन. “घाय करू नको गो, वायच थांब,” सासूबाई म्हणत होत्या आणि बॅटरी त्यांच्याच हातात थरथरत होती.

आत हात गेला की डोळे मिटलेलेच बरे, बोटांना जास्त कळतं. डोकं लागलं, एक पाय लागला, दुसरा गुडघ्यात मुडपून मागे गेलेला. कळ चालू असताना काही करायचं नाही. कळ ओसरली की करडू हलकेच आत ढकलायचं, मुडपलेला पाय शोधायचा आणि खूर मुठीत झाकून पुढे आणायचा. खूर उघडा राहिला तर गर्भाशयाला इजा होते, हे डॉक्टर फोनवरून पुन्हा पुन्हा सांगत होते. पाय सरळ झाला. पुढच्या कळेला दोन्ही पाय धरून खाली, कासेच्या दिशेने ओढले. सरळ मागे नाही, खाली. करडू घसरत बाहेर आलं.

पाठोपाठ दुसरं, मागचे पाय पुढे. असं जन्मणं अडलेलं नसतं, पण नाळ तुटते तेव्हा डोकं अजून आतच असतं, म्हणून त्याला वेळ द्यायचा नाही. ओढलं. श्वास नाही. नाकातोंडातला चिकटा बोटाने काढला, पेंढ्याची काडी नाकपुडीत फिरवली, सासूबाईंनी गोणपाटाने बरगड्या खसाखसा चोळल्या. शिंकलं. ती पाट (मादी करडू) होती, म्हणजे आमच्या कामाची.

नाळ दोन-तीन इंच ठेवून कापायची आणि आयोडीनमध्ये बुडवायची. तासाभरात चीक पोटात गेला पाहिजे. अडीच किलोच्या करडाला पहिल्या दिवसात पाव लिटर तरी. पिळायच्या आधी प्रत्येक सडाची दोन-तीन धारा काढून टाकते, टोकाला बसलेला बूच निघतो. शेजारच्या काकी दर वर्षी खरवसासाठी चीक मागतात आणि दर वर्षी मी तो करडांची पोटं भरल्यावरच देते. उरलेला थोडा बाटल्यांत भरून फ्रीजरमध्ये. पुढे आई नसलेल्या किंवा कमी चिकाच्या करडाला तो कोमट पाण्यात बाटली ठेवून वितळवायचा. उकळलं की त्यातलं उपयोगाचं मरतं.

वार काही तासांत पडते. बारा तास झाले तरी पडली नाही तर डॉक्टर. लोंबणारी वार ओढायची नाही, तिला वजन बांधायची जुनी पद्धतही नको. आत तुटली तर शेळी जायची. पडलेली वार मोज्यानेच उचलून, चुना टाकून खोल पुरायची, कुत्र्यांच्या तोंडी लागू द्यायची नाही. ब्रुसेलोसिस शेळीकडून माणसाला होतो, आणि वारेला उघड्या हाताने हात लावणं हा त्याचा सोपा रस्ता. दूधही आम्ही ‘कच्चं पिऊ नका’ असं सांगूनच देतो.

या सगळ्यात भातकापणी येते. रात्री गोठ्यात, सकाळी शेतात, आणि मजूर त्याच आठवड्यात कुणाकडेच मोकळे नसतात. हा या वेळापत्रकाचा मोठा तोटा. फायदा असा की करडं नोव्हेंबरच्या कोरड्या हवेत वाढतात, आणि नर करडं पुढच्या आषाढात गटारीच्या आधी विकायला तयार असतात, तेव्हा बोकडाला चांगला भाव असतो. नुसत्या दुधावर आमचा गोठा चालत नाही, हे उघड आहे.

पुढच्या वर्षी काही शेळ्यांना सप्टेंबरात बोकड दाखवायचा विचार आहे. त्या फेब्रुवारीत व्यातील, पावसातही थोडं दूध राहील, आणि कापणीशी गाठ पडणार नाही. अडचण एप्रिल-मेच्या चाऱ्याची: डोंगर तेव्हा वाळलेला असतो आणि काजूची बोंडं पोटभर खाल्ली की शेळीला अपचन होतं. यजमानांनी बांधावर शेवरी आणि सुबाभूळ लावली आहे. ती कापणीला आली तरच सप्टेंबर, नाहीतर पुन्हा मेच.