जड ट्रिगर आणि फुगलेल्या रिंगा

रबाळे एमआयडीसीतील आमच्या वर्कशॉपमध्ये हवेवर चालणारे सिलिंडर, व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर दुरुस्तीसाठी येतात आणि ते बहुतेक पॅकिंगच्या किंवा औषधांच्या कारखान्यांतले असतात. मागच्या पावसाळ्यात घोडबंदर रोडवरील एका पेंटबॉल मैदानाची देखभाल पाहणारा मुलगा विटाव्याच्या वाटेने मोटारसायकलवरून तीन मार्कर, म्हणजे रंगाच्या गोळ्या फेकणाऱ्या हवेच्या बंदुका, घेऊन आला. तिन्ही ऑटोकॉकर पद्धतीचे होते, म्हणजे बॅटरी किंवा सर्किट काही नाही, सगळे काम स्प्रिंगचे आणि हवेचे. "ताई, यातल्या एकाचा ट्रिगर इतका जड झालाय की शाळेतली मुलं दोन बोटांनीसुद्धा ओढू शकत नाहीत," तो म्हणाला. खेळणारा असा ट्रिगर हिसका देऊन ओढतो आणि त्या हिसक्यात नळीचे तोंड भलतीकडे वळते. त्यामुळे ही तक्रार मला किरकोळ वाटली नाही.

या मार्करचा ट्रिगर एकाच ओढीत दोन कामे करतो. ओढीच्या पहिल्या भागात सिअर नावाची छोटी अडणी सरकते, तिने अडवून धरलेला हॅमर मेन स्प्रिंगच्या जोराने पुढे जाऊन व्हॉल्व्हवर आदळतो आणि गोळी सुटते. ट्रिगर आणखी मागे गेला की त्याला जोडलेला टायमिंग रॉड पुढच्या, हवेची वाट बदलणाऱ्या थ्री-वे व्हॉल्व्हचा शाफ्ट हलवतो. त्या व्हॉल्व्हमधून निघालेली हवा रॅम म्हणजे बोटाएवढा सिलिंडर चालवते, रॅम बोल्ट म्हणजे गोळी नळीत ढकलणारा दांडा मागे नेऊन हॅमर पुन्हा सिअरवर अडकवतो, आणि ट्रिगर सोडल्यावर बोल्ट परत बंद होतो. गोळी फेकण्यासाठी लागणारा दाब बराच जास्त असतो. थ्री-वे आणि रॅमला मात्र एक छोटा रेग्युलेटर दाब उतरवून साधारण 5 बारच्या आसपासची हवा देतो. कारखान्यांतील ज्या व्हॉल्व्हवर आमचे पोट चालते, ते याच दाबावर काम करतात, त्यामुळे मार्करचा पुढचा भाग मला अनोळखी नव्हता.

मैदानावर त्यांनी आपल्या परीने उपाय केले होते. दाब जास्त असेल या समजुतीने रेग्युलेटरचा दाब कमी केला होता, त्याने ट्रिगर फारसा हलका झाला नाही, उलट रॅमची चाल अर्धवट राहून गोळ्या बोल्टखाली चिरडू लागल्या. मग गोळ्यांना ओल लागली असेल, असे कोणीतरी सुचवले. गोळ्यांचे कवच जिलेटिनचे असते आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत ते फुगते हे खरे, पण फुगलेली गोळी नळीत अडकेल, ट्रिगर जड करणार नाही.

हवेची टाकी त्याने मैदानावरच ठेवली होती. तरीही मी आधी गोळ्यांचा डबा काढला असल्याची आणि बोल्टपुढे गोळी नसल्याची खात्री करून घेतली, नळीवर संरक्षक पिशवी चढवली आणि मार्कर जमिनीकडे धरून आत उरलेली हवा सोडली. टाकी काढली म्हणजे हवा संपली असे नसते. वाहिनीत अडकलेला दाब एक गोळी फेकायला पुरतो, हे मी त्या मुलाला मुद्दाम दाखवले.

हवा नाही, हॅमर पुढे, सिअरवर कसलाही भार नाही, अशा स्थितीत ट्रिगरला स्प्रिंगचा काटा अडकवून ओढला. जोर इतर दोन मार्करच्या दुपटीहून अधिक लागत होता, तोही ओढीच्या सुरुवातीपासून सारखा. दोष सिअरचा असता तर हॅमर अडकवलेला असताना, तो सुटण्याच्या क्षणापाशीच अडखळल्यासारखे जाणवले असते, आणि दाबाचा असता तर हवा नसताना जाणवलाच नसता. शिवाय मार्कर तासभर पडून राहिला की पहिली ओढ सर्वांत जड लागते, असे तो मुलगा बोलता बोलता म्हणाला. रबराची रिंग धातूला चिकटून बसल्याची ही खूण आमच्या कामात रोज दिसते. टायमिंग रॉड ट्रिगरपासून सोडवला आणि ट्रिगर बोटाच्या साध्या स्पर्शाने मागे गेला. ट्रिगरची पट्टी चौकटीत कुठे घासत नव्हती, रॉडही सरळ होता. राहिला थ्री-वे.

त्याचा शाफ्ट बाहेर काढताना ओली बोटे काचेवरून फिरवल्यासारखा आवाज झाला. शाफ्टवरील ओ-रिंगा चकाकत होत्या, नखाने दाबल्यावर मऊ लागत होत्या आणि एकीच्या कडेचा रबराचा बारीक तुकडा छिद्राच्या धारेवर कापला गेला होता. शेजारच्या चांगल्या मार्करमधील रिंग व्हर्नियरवर साधारण दीड मिलिमीटर जाडीची भरली, ही पावणेदोनच्याही पुढे गेली. हवेच्या सरकत्या व्हॉल्व्हमध्ये रिंग 10 ते 15 टक्के दाबून बसवलेली असते. त्यापेक्षा फार दाबली गेली की घर्षण झपाट्याने वाढते आणि आतला दाब ते आणखी वाढवतो.

रिंगा फुगल्या कशाने, हे कळल्याशिवाय नव्या घालण्यात अर्थ नव्हता. उन्हाळ्यात जुन्या रिंगा गळू लागल्यावर हार्डवेअरच्या दुकानातून मिश्र मापांचा एक डबा आणून त्यातल्या बसवल्या होत्या आणि दर आठवड्याला गंज सोडवायचा स्प्रे मारला जात होता. डबा त्याच्या पिशवीतच होता. त्यातली एक रिंग आणि आमच्याकडची, तेलाला टिकणाऱ्या नायट्राइल रबराची एक, अशा दोन्ही मी स्टीलच्या वाटीत त्याच स्प्रेमध्ये बुडवून ठेवल्या. संध्याकाळी नायट्राइलची रिंग जवळपास जशीच्या तशी होती आणि डब्यातली डोळ्यांना दिसेल इतकी पसरली होती. ती ईपीडीएमची असावी, हा माझा अंदाज पक्का झाला. पाण्याच्या फिटिंगसाठी हे रबर उत्तम असते, पण पेट्रोलियम तेल ते पिते आणि फुगते. दोन्ही रिंगा काळ्याच, हाताला सारख्याच, म्हणून फसगत होते, आणि याच कारणाने बंद पडलेले महागडे व्हॉल्व्ह मी कारखान्यांतही पाहिले आहेत.

छिद्र पुसून, धारेवरचा बारीक कंगोरा मऊ करून नायट्राइलच्या रिंगा सिलिकॉन ग्रीसच्या पातळ थरासह बसवल्या. वर्कशॉपच्या लाइनमधून 5 बार हवा पुढच्या भागाला दिली तेव्हा रॅम पूर्ण चाल करू लागला आणि काट्यावर ट्रिगर इतर दोघांच्या बरोबरीला आला. मुलगा खूश होऊन मार्कर पिशवीत घालू लागला.

मी थांबवले, कारण चौकट उघडलेली असताना सिअरच्या टोकावर मला चकचकीत ओरखडे दिसले होते. विचारल्यावर कळले, की ओळखीच्या एका फिटरने ट्रिगर हलका करण्यासाठी ते टोक कानशीने घासले होते. मी हवा तोडली, हॅमर हाताने सिअरवर अडकवला आणि मार्करच्या मागच्या बाजूला रबरी हातोडीने टकटक केले. ट्रिगरला कोणाचेही बोट नसताना हॅमर सुटला. पुन्हा अडकवला, पुन्हा सुटला. इतर दोन्ही मार्करमध्ये तो जागचा हलला नाही. कोणी मुलगा धावताना पडला आणि मार्कर जमिनीवर आपटला, तर त्यातून सुटणारी गोळी सेकंदाला 80 मीटरच्या पुढच्या वेगाने जाईल, आणि त्या क्षणी समोरच्याने डोळ्यांवरचा मुखवटा वर केलेला असू शकतो.

"पण ताई, रविवारी मोठा ग्रुप आहे," तो अजिजीने म्हणाला. त्याची अडचण मला समजत होती, तरी घासलेला सिअर भरून काढता येत नाही, तो बदलावाच लागतो, आणि रविवारसाठी ती जोखीम घेण्याची माझी तयारी नव्हती. त्याच्या मालकांना फोन लावून मी हातोडीची चाचणी सविस्तर सांगितली. त्यांनी नवा सिअर मागवायचे कबूल केले आणि तोवर तो मार्कर माझ्याकडेच ठेवायला सांगितले. उरलेल्या दोघांतील रिंगाही त्याच संध्याकाळी तपासल्या. त्या जुन्याच आणि शाबूत होत्या, तेव्हा ते दोन घेऊन आणि रिंगांचा डबा आमच्या कचऱ्यात टाकून तो परत गेला.