जवारी आणि उजवा कान

सांगली, रविवार, रात्री साडेअकरा

डोळे मिटून कानात नवे इअरफोन आहेत की जुने ते ओळखायचं होतं. १०पैकी ५. नाणं उडवलं असतं तरी एवढे आले असते. त्यातलेही दोन मी आवाजावरून नाही, कानात टोचतं कुठलं त्यावरून ओळखले. हे भाच्याला सांगितलं नाही.

नवे इअरफोन ३२०० रुपयांचे, जुने ६००चे. आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटले होते की नव्यात तंबोरा काय खुलतो, खर्ज कसा भरून येतो. क्लासमधल्या बायकांना तर जरा जास्तच. आज भाचा म्हणाला, "आत्या, मीट की डोळे, बघू."

आधी त्यानं दोन्हींचा आवाज सारखा करून घेतला. फोनवर तेवढ्याच रेघांवर ठेवले तरी नवे मोठ्यानं वाजतात म्हणे, आणि जे मोठं वाजतं ते आपल्याला चांगलं वाटतं. मग माझाच तंबोरा लावला, गेल्या महिन्यात फोनवर घेतलेला. मिरजेचा, सतारमेकर गल्लीतला. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा जणू मलाच मिळालं अशी मी मिरवले होते. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखालचा दोरा केसभर सरकला तरी मला जवारी, तारेचा तो गुणगुणता झणकार, बदललेली कळते. म्हणजे, कळते असं मी धरून चालले होते.

वर त्यानं एक शिट्टीसारखा स्वर लावला. १२,००० हर्ट्‌झला ऐकू आलं. १५,०००ला त्याचं तोंड वाकडं झालं आणि मी विचारलं, "लावलास का?" वयानं वरचे स्वर आधी जातात, माहीत आहे मला. बाबाही टीव्ही मोठा करायचे. असो.

पण १०पैकी ५? पंचवीस वर्षं गाणं शिकून?

मग त्यानं नव्याच्या उजव्या बाजूचं रबर काढून लहान घातलं. बाई गं! खर्ज आला. माझ्या उजव्या कानाचं भोक डाव्यापेक्षा लहान आहे, हे वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. मधल्या मापाचं रबर नीट बसत नव्हतं, फट राहत होती, आणि फटीतून आधी खालचे स्वर पळतात. म्हणजे आठवडाभर ज्या खर्जाचं मी गावभर कौतुक केलं, तो एका कानात नीट पोचतच नव्हता.

"जुन्यालाही लहान घालून परत १० वेळा करू," म्हणाला. मी आमटीला फोडणी द्यायला उठले.

आत्ता तो झोपल्यावर तंबोरा काढला. दोरा सरकवून बघितला. कळलं. आता आपणच सरकवायचा आणि आपणच ओळखायचं, ही कसली परीक्षा, पण कळलं. फक्त जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन सारख्या तारांपैकी, एका तारेचं नक्की सांगता येईना. शेजारचे झोपलेत, फार हळू छेडली होती.