गप्प बसून केलेलं ब्रेनस्टॉर्मिंग

सगळ्यांना एका खोलीत बसवायचं, फळ्यावर विषय लिहायचा आणि म्हणायचं, ‘बोला, काहीही सुचवा.’ ब्रेनस्टॉर्मिंगच्या नावाखाली बहुतेक ठिकाणी एवढंच होतं. जाहिरात व्यवसायातल्या अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न यांनी ही पद्धत रुळवली. १९५८ मध्ये येल विद्यापीठात ती तपासली, तेव्हा मात्र निकाल उलटा लागला. एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा वेगवेगळे बसलेल्या चौघांच्या कल्पनांची बेरीज जास्त भरली. एक मोठं कारण अगदी साधं आहे: एका वेळी एकच जण बोलू शकतो. बाकीचे आपली पाळी येईपर्यंत सुचलेलं डोक्यात धरून बसतात, आणि तेवढ्यात नवं काही सुचत नाही. शिवाय साहेब आधी बोलले की विषय संपलाच.

म्हणून बोलण्याऐवजी लिहायचं. बर्न्ड रोरबाख यांची ६-३-५ पद्धत १९६८ची आहे: सहा माणसं, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटं. प्रत्येकाला तीन रकाने आणि सहा ओळींचा कागद द्यायचा. पाच मिनिटांत पहिली ओळ भरायची आणि कागद उजवीकडे सरकवायचा. शेजाऱ्याने आधीचं वाचायचं, त्यावर रचायचं किंवा नवं लिहायचं. अशा सहा फेऱ्या झाल्या की अर्ध्या तासात १०८ कल्पना होतात, निदान कागदावर तरी. पुनरावृत्ती काढली की आकडा बराच खाली येतो, त्यात निराश होण्यासारखं काही नाही.

पण कागद वाटण्याआधी प्रश्नाचं वाक्य तपासा. खरी गडबड इथेच होते. समजा, वाचनालयात परत आलेली पुस्तकं कपाटात लागायला तीन दिवस जातात. ‘पुस्तकं लावायला आणखी एक माणूस कसा मिळेल?’ असं विचारलं, तर उत्तर प्रश्नातच ठरवून टाकलंय. ‘पुस्तकं लवकर कशी लावता येतील?’ हे जरा बरं. ‘परत आलेलं पुस्तक त्याच दिवशी पुढच्या वाचकाच्या हाती कसं पडेल?’ असं विचारलं की ‘लावणं’ हा शब्दच गळून पडतो. मग कुणी लिहितो, ‘परतीच्या टेबलाजवळ चाकांचा रॅक ठेवा.’ पुढचा त्याखाली लिहितो, ‘त्या रॅकवर पाटी लावा: आज परत आलेली.’ तिसरा लिहितो, ‘वाचकांना तिथूनच पुस्तक उचलू द्या.’ तिथून गेलेलं पुस्तक कपाटात लावावंच लागत नाही.

मानसशास्त्रज्ञ कार्ल डुंकर यांचं मेणबत्तीचं कोडंही याच जातीचं. मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांनी भरलेलं खोकं दिलेलं असतं. मेणबत्ती भिंतीवर लावायची. लोक टाचण्यांशी झटत बसतात. उत्तर असं, की खोकं रिकामं करून भिंतीला टाचायचं आणि त्यावर मेणबत्ती उभी करायची. टाचण्या खोक्याबाहेर ठेवून दिल्या की जास्त लोकांना ते सुचतं, कारण मग खोकं ‘टाचण्यांचं’ राहत नाही. रॅकही असाच ‘वाट पाहणाऱ्या पुस्तकांचा’ नसतो. तशी आपली समजूत असते.

चौथ्या-पाचव्या फेरीत हात थांबतात. एक तर वाचायचा मजकूर वाढलेला असतो, म्हणून शेवटच्या फेऱ्यांना सात-आठ मिनिटं द्या. ‘अ‍ॅप करा’ किंवा ‘जागृती करा’ असं दोन शब्दांत लिहू देऊ नका. कोण, काय, कशाला करेल हे एका वाक्यात यायला हवं, नाहीतर पुढच्याला त्यावर रचायला काही मिळत नाही. सगळ्यांना एकसारखी पेनं द्या. अक्षर ओळखू येतंच, पण निदान शाईवरून तरी हुद्दा कळू नये.

सगळेच अडले तर दहा मिनिटं प्रश्न उलटा करा: ‘पुस्तकं महिनाभर अडकून राहावीत म्हणून काय करू?’ खोडसाळ उत्तरं भराभर येतात. त्यातली दोन-तीन आपण आधीच करत असतो, आणि खोलीत हशा पिकतो तो नेमका त्याच वेळी.

निवड त्याच बैठकीत करू नका. दमलेली माणसं ओळखीचं तेच निवडतात. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला तीन चिकट ठिपके द्यायचे आणि न बोलता कागदावरच्या आवडलेल्या कल्पनांपुढे लावायला सांगायचे. जास्त ठिपके मिळालेली कल्पना, समजा रॅकचीच, दोन आठवडे एकाच रॅकवर करून पाहा. रॅकवर किती पुस्तकं ठेवली आणि किती तिथूनच परस्पर गेली, एवढे दोनच आकडे रोज टिपा.