माउसला हात लावण्याआधी

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, भाड्याच्या दीड खोलीत मशीन डिझाइनचं काम सुरू केलं, तेव्हा आमच्याकडे दोन संगणक होते आणि माज भरपूर. गिऱ्हाइकाने गरज सांगितली की त्याच संध्याकाळी आम्ही थ्री-डी मॉडेल करायला बसायचो. पहिली सुचली तीच कल्पना.

तो माज नंदेसरीच्या एका रसायन कारखान्यात उतरला. काम साधंच वाटलं : २०० लिटरचा भरलेला ड्रम उचलून रिॲक्टरच्या तोंडात ओतायचा. आम्ही चकचकीत रंगीत चित्र नेलं, मालक खूश, ऑर्डर पक्की. मशीन उभं राहिलं आणि ड्रम वर जाताना स्टीमच्या पाइपला अडकला. तिथल्या हेल्परला हे चित्र बघतानाच कळलं होतं. मग बोलला का नाही? "साहेब, मने एम के बधुं नक्की थई गयुं छे." मला वाटलं, सगळं ठरूनच गेलंय. मशीन पदरच्या पैशाने कापून पुन्हा केलं.

मी कलाभवनातला. सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेली ती संस्था आता एम. एस. युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे. तिथला फ्रीहँड स्केचिंगचा तास मी खिडकीबाहेर बघत काढला होता. त्याचं व्याज असं नंदेसरीत भरलं.

तेव्हापासून आधी कागद. कामाची फोड करतो : धरणं, उचलणं, कलंडवणं. धरायला पट्टा, जबडा किंवा ड्रमच्या काठाखालचा हुक. उचलायला साखळी, स्क्रू किंवा हायड्रॉलिक. कलंडवायला हातचाक, सिलिंडर किंवा वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारख्या दांड्याने फिरणारं दातेरी चाक. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस जोड्या. बहुतेक निकामी, पण हुक-साखळी-वर्म गिअर ही जोडी आम्हाला एरवी सुचलीच नसती. एकेरी आट्याचा वर्म, म्हणजे तो दांडा, ड्रमच्या वजनानं बहुधा उलटा फिरत नाही, त्यामुळे हात सुटला तरी ड्रम जागीच राहतो. भरवसा फक्त त्यावर ठेवत नाही, ब्रेक लावतोच.

जर्मनीच्या बेर्न्ड रोरबाख यांची १९६८ची एक पद्धतही उचलली. सहा माणसं, प्रत्येकाच्या तीन कल्पना, पाच मिनिटं झाली की कागद शेजाऱ्याकडे. अर्ध्या तासात १०८ कल्पना. आम्ही वेल्डरकाका धरून चौघेच, म्हणजे वीस मिनिटांत ४८. त्यातल्या निम्म्या थट्टेच्या निघतात, काकांच्या मात्र क्वचितच.

स्केच टूबी पेन्सिलीनं, मापाविना. पण शेजारी माणूस आणि डोक्यावरचे पाइप काढायचेच. गिऱ्हाइकाकडे निदान तीन वेगळी स्केचेस न्यायची, तीही मळकीच. मालक अजून विचारतात, "रंगीत क्यारे?", म्हणजे रंगीत कधी?

मागच्या महिन्यात नंदेसरीच्या त्याच हेल्परने माझ्या हातातली पेन्सिल घेतली, उजवीकडचं हातचाक खोडलं आणि डावीकडे काढलं. उजवीकडे व्हॉल्व्ह आहे म्हणे.