यादी सईनेच मागितली होती

मंगळवार, रात्री उशिरा

‘हे सगळं वाचून तू प्रत्यक्षात काय काय पाहिलंस, मावशी?’

पक्षी-जंगलांच्या पुस्तकांची यादी पाठवली, त्यावर सईने, माझ्या भाचीने, एवढंच लिहिलंय. पुढे एक हसरा चेहरा. टोमणा नाही, हे मला कळतं. टोमणे हा तिच्या आईचा प्रांत. तरीही सकाळपासून त्या ओळीने पिच्छा सोडलेला नाही. बँकेच्या रांगेत तीच, आत्ता दिवा मालवल्यावरही तीच. शेवटी उठले आणि वही काढली.

काय वाचू, असं तिनेच विचारलं होतं. परीक्षा संपलीय, दुर्बीण हातात आलीय, पक्ष्यांचं वेड नवं आहे. मी काल जागून यादी केली. कुठलं आधी वाचायचं, कुठलं मागाहून, कुठलं नुसतं चाळलं तरी चालेल, सगळं साग्रसंगीत. प्रत्येक पुस्तकापुढे दोन-दोन ओळी. आणि उत्तरादाखल हा प्रश्न. ‘थँक्यू’ तासाभराने आलं, बहुधा आईने आठवण केल्यावर.

यादी पुन्हा वाचून पाहिली. वाईट नाहीये. सगळ्यात वर सालिम अलींचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’, १९४१ साली पहिल्यांदा निघालेलं. ओळख पटवायला आता याहून सरस फील्ड गाइड आहेत. त्यांत चित्रं जास्त, नकाशे जास्त, वर्गीकरण ताजं. पण एका पक्ष्याबद्दल दोन परिच्छेदांत किती सांगता येतं आणि किती गाळावं लागतं, ते या पुस्तकात शिकायला मिळतं. नेहरूंनी डेहराडूनच्या तुरुंगातून इंदिरेला हेच पुस्तक पाठवलं होतं. तोवर आपणही पक्षी गृहीतच धरत होतो, असं इंदिरा गांधींनी पुढे लिहिलंय. पक्ष्यांचं पुस्तक तुरुंगातून यावं, हे मला फार आवडतं. तिथे कुठलं आलंय जंगल? भिंतीवर येऊन बसेल तो पक्षी.

हे सईला लिहायला हवं होतं का? नको. समर्थन केल्यासारखं वाटलं असतं.

कारण प्रश्न खरा आहे, आणि तो लागलाय तो खरा आहे म्हणूनच. बहिरी ससाण्याबद्दल मी तासभर बोलू शकते. तो सूर मारतो तेव्हा त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो, हे सांगताना माझा आवाजही चढतो म्हणे. खरा ससाणा मात्र माझ्या वाट्याला आला तो आभाळातला एक ठिपका, तोही दुसऱ्या कुणी बोट दाखवल्यावर. पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर रोज कुणी ना कुणी पहाटे उठून कुठल्या तरी पाणवठ्यावर गेलेलं असतं. त्यांच्या पायाला चिखल आणि माझ्या बोटांना धूळ, पुस्तकांची. गुडघा असा झाल्यापासून तर काय, बोलायलाच नको. ते पक्षी बघतात, मी पक्षी वाचते. लोक मला ‘पक्ष्यांतलं कळतं’ म्हणून फोन करतात तेव्हा आत कुठेतरी चोरी केल्यासारखं वाटतं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आबांना कदाचित कळलं असतं. त्यांच्या प्रतीत पेन्सिलीने केलेल्या खुणा… जाऊ दे.

(आणि हो, सईकडे ते अ‍ॅप आहे. फोन झाडाखाली धरायचा, आवाज ऐकून तो नाव सांगतो. मला त्याचा राग नाही. थोडा आहे.)

जे. ए. बेकरचं ‘द पेरेग्रिन’ (म्हणजे बहिरी ससाणाच) यादीत ठेवताना मी अडखळले होतेच. १९६७ चं पुस्तक. इंग्लंडमधल्या एसेक्सच्या सपाट मुलखात या माणसाने वर्षानुवर्षं हिवाळाभर सायकलवरून ससाण्यांचा माग काढला. दहा हिवाळ्यांतलं निरीक्षण त्याने एकाच हिवाळ्याच्या रोजनिशीत ओतलं. वाक्यं अशी की वाचताना खांदे आखडतात. पण इतके ससाणे, इतक्या शिकारी एका माणसाला दिसतील का, अशी शंका पुढे पक्षीनिरीक्षकांनीच काढली. काहींना वाटलं, यातले बरेच साधे खरुचीच असतील, म्हणजे ससाण्याच्याच कुळातले लहान, नेहमी दिसणारे पक्षी. म्हणजे ज्याने हाडं गोठेपर्यंत थंडी उघड्यावर काढली, त्यालाही लोक विचारतातच: बाबा रे, तू खरंच पाहिलंस का? हे आठवल्यावर मला आज संध्याकाळी जरा बरं वाटलं. दुसऱ्याच्या दुःखावर बरं वाटून घेऊ नये, पण वाटलं.

मराठीतली पुस्तकं मी यादीत मुद्दाम शेजारी-शेजारी ठेवली होती. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ आणि किरण पुरंदरेंचं ‘सखा नागझिरा’. जंगल तेच. एक जण कथाकाराच्या डोळ्यांनी बघतो, कमी बोलतो, प्राणी आला की बाजूला सरतो. दुसरा तिथे ४०० दिवस राहून जंगलाच्या पोटात शिरतो आणि त्याला एकेक किडा, एकेक शेंग सांगायची असते. लागोपाठ वाचली की कळतं, जंगल तर तेच असतं, पण वाचायला दर वेळी नवं निघतं. मग मारुती चितमपल्ली. त्यांचं ‘चकवाचांदण’ घाईने वाचायचं नाही, असं मी कंसात लिहिलंय. वनखात्यात नोकरी करता करता हा माणूस आदिवासींकडून, पारध्यांकडून, जुन्या पोथ्यांमधून पक्षी गोळा करत राहिला. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले, त्या दिवशी मी ‘पक्षी जाय दिगंतरा’ काढून बसले होते. एक पानही उलटलं नाही.

माडगूळकरांचं ‘सत्तांतर’ सईला आवडेल की घाबरवेल, माहीत नाही. वानरांच्या टोळीची गोष्ट, १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. प्राण्यांच्या तोंडी माणसांची भाषणं नाहीत, आणि दया-माया तर नाहीच. दुर्गाबाईंचं ‘ऋतुचक्र’ मात्र तिने वाचलंच पाहिजे. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत, एकेका महिन्याचं एकेक प्रकरण. त्याला जंगलात जावं लागत नाही. रस्त्याकडेचं झाड पुरतं.

बघा, परत तेच. ‘जंगलात जावं लागत नाही.’ माझी सगळी वकिली त्या एका वाक्याशी येऊन थांबते.

मघाशी पाणी प्यायला उठले, तेव्हा रानपिंगळ्याची, त्या छोट्या घुबडाची, आठवण झाली आणि एकदम डोकं ताळ्यावर आलं. तो यादीत नाही, कारण ती गोष्ट पुस्तकापेक्षा शोधनिबंधांत जास्त आहे. १८७३ साली ह्यूम या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने या पिंगळ्याचं शास्त्रीय वर्णन केलं. १८८४ नंतर त्याचा खरा नमुना कुणाला मिळाला नाही. मधे एकच नोंद होती, रिचर्ड माइनर्ट्झहागेन या बड्या लष्करी अधिकाऱ्याची, १९१४ ची, गुजरातेतली. पामेला रासमुसेन या पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी तो पेंढा भरलेला पक्षी संग्रहालयाच्या खणातून काढून बारकाईने तपासला. कुठे कसा शिवलाय, आत काय भरलंय, हे सगळं. तो चोरीचा निघाला. डेव्हिडसन नावाच्या माणसाने खानदेशात मिळवलेला जुना पक्षी उचलून, पुन्हा शिवून, त्याला खोटी चिठ्ठी बांधलेली. मग ती नोंद बाद केली आणि ज्या जुन्या चिठ्ठ्या खऱ्या होत्या, त्यांच्यावरच्या ठिकाणांकडे शोध वळवला. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सकाळच्या उजेडात, रानपिंगळा झाडावर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. पक्षी कुठे गेला नव्हता. कुणीतरी चिठ्ठ्या नीट वाचायचंच काय ते बाकी होतं.

हे मी सईला पाठवणार होते. टाइपही केलं. मग पुसलं. एवढ्याशा प्रश्नाला एवढा मोठा पिंगळा फेकून मारायचा म्हणजे जरा जास्तच झालं असतं.

आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे माझं स्वतःचं उत्तर आहे. लहानसं आहे, म्हणून सुचलं नाही.

सालिम अली बर्लिनहून परतले तेव्हा त्यांची नोकरी गेली होती. पैसे बेताचे, म्हणून ते पत्नी तेहमिनाबाईंबरोबर अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. १९३० च्या पावसाळ्यात घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीकडे ते बघत बसले. बेकार माणसाकडे वेळ असतो, हे शास्त्राच्या फार कामाला येतं. त्यांना दिसलं ते असं: नर घरटं अर्धंच विणतो आणि थांबतो. माद्या येतात, आत शिरून तपासतात. एखादीने पसंत केलं की जोडी जमते, मग तो ते पुरं करतो, खालचा बोगदा लांबवतो आणि लगेच पुढच्या घरट्याला हात घालतो. नापसंत झालेली अर्धी घरटी तशीच लोंबत राहतात.

हे वाचल्यावर पुढे कधीतरी विहिरीवर वाकलेल्या बाभळीशी उभी होते. बरोबरची मंडळी म्हणाली, वाऱ्याने फाटलेली दिसतात घरटी. मी दुर्बीण लावली. अर्ध्या घरट्याच्या तोंडाशी आडवा विणलेला पट्टा असतो, झोपाळ्याच्या दांडीसारखा. त्याला उलटा लटकून नर पंख फडफडवत होता, पिवळंधमक डोकं खाली. आतल्या भिंतीला मातीचे गोळे लिंपलेले, वाळून फिकट पडलेले. मादी आली, पट्ट्यावर बसली, एक पातं चोचीत धरून ओढून बघितलं, आत डोकावली आणि सरळ उडून गेली. तो क्षणभर तसाच लटकत राहिला. मग पुन्हा फडफड.

“फाटलेली नाहीत,” मी म्हटलं, “नापास झालेली आहेत.” सगळे हसले, पण नंतर प्रत्येक जण वळून वळून त्या घरट्यांकडेच बघत होता.

आता यातलं मी किती पाहिलं आणि सालिम अलींनी मला किती दाखवलं? हा हिशेब मी आज दिवसभर वेगवेगळ्या तऱ्हांनी मांडून पाहिला आणि दर वेळी वेगळी बाकी उरली. पुस्तक वाचलं नसतं तर मीही फाटलेली घरटीच पाहिली असती. वाचल्यामुळे जे दिसलं ते माझं म्हणावं तर त्यात लाज आहे, न म्हणावं तर खोटेपणा. पण ते पातं ओढणं मात्र माझंच. ते मी कुठे वाचलं नव्हतं. असेल कुठेतरी लिहिलेलं, पण मी वाचलं नव्हतं.

उलटही होतंच की. फील्ड गाइडमध्ये पर्णवटवट्यांची ती पानं, एकसारखे हिरवट-मळकट पक्षी ओळीने बसवलेले, कुणाच्या पंखावर एक पट्टी तर कुणाच्या दोन. चित्रातला पक्षी नव्या पिसांचा. मार्चमध्ये समोरच्या फांदीवर येतो त्याची पिसं हिवाळाभर झिजून पट्टी पार पुसट झालेली असते. पुस्तक म्हणतं पट्टी बघा, आणि पट्टी नसते. तिथे आवाज ऐकावा लागतो. गिल्बर्ट व्हाइटने तर अठराव्या शतकातच, दुर्बीण-बिर्बीण नसताना, सेलबोर्न नावाच्या आपल्या खेड्यात बसून एकमेकांसारखे दिसणारे तीन वटवटे गाण्यावरून वेगळे काढले. १७८९ साली आलं त्याचं पुस्तक. गाव सोडून फारसा कुठे गेला नाही तो. त्यालाही कुणी भाची होती का, प्रश्न विचारणारी? असावी. पुतणे-भाचे पुष्कळ होते त्याला, त्यांची तो मोजदाद ठेवत असे म्हणतात.

एकंदरीत, माझी नोंदवही बारीक आहे आणि कपाट जाड आहे. असू दे. कपाटात जागा करायला मी नोंदवही फेकून दिलेली नाही, आणि गुडघा अजून बाभळीपर्यंत नेतो.

सईला आत्ताच उत्तर टाकलं. यादी कापून तीनावर आणली: सालिम अलींचं पहिलं, ‘ऋतुचक्र’, आणि ‘नागझिरा’. बाकीची मागितलीस तर देईन म्हटलं. प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहिलं, ‘सुगरणीच्या मादीला घरटं नाकारताना पाहिलंय. पावसाळ्यात ये, दाखवते.’ फील्ड गाइड मात्र स्वतःचं घे, हेही लिहिलं. माझी प्रत मिळणार नाही. वटवट्यांच्या पानांशी ती उसवलीय आणि समासात सगळी भांडणं लिहिलेली आहेत.

पावणेबाराला तिचं उत्तर आलं: ‘सुगरण कॉमन आहे ना गं?’

कॉमन! ये म्हणावं पावसाळ्यात.