राखीव खेळाडूचा प्रशिक्षक

सातारा, रविवार रात्र

आज शाहू स्टेडियमवर मुलींचा बास्केटबॉलचा सराव आटोपल्यावर पालकांमध्ये वाद रंगला, की उत्तम प्रशिक्षक व्हायला माणूस आधी मोठा खेळाडू असावा लागतो का. मला स्टीव्ह कर आठवले. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची पाच विजेतेपदे खेळाडू म्हणून आणि चार प्रशिक्षक म्हणून मिळवलेला हा माणूस ९१० सामने खेळला, पण पहिल्या पाचांत, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पाच खेळाडूंत, उतरला तो अवघ्या ३० सामन्यांत. बाकीची कारकीर्द राखीव बाकावरून उठून, मिळतील तेवढ्या मिनिटांत तीन गुणांचे फेक साधण्यात गेली आणि त्यातली ४५.४ टक्के अचूकता आजही एनबीएतील सर्वोच्च आहे.

१९९७ च्या अंतिम फेरीत संघातला सहकारी मायकेल जॉर्डनच्या पासवर त्यांनी साधलेला विजयी फेक सर्वांना ठाऊक असतो. मला मात्र २०१४ मधला प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. गोल्डन स्टेट वॉरियर्स या एनबीए संघाची सूत्रे प्रशिक्षक म्हणून हाती घेताच, दहा वर्षे प्रत्येक सामना पहिल्या पाचांत खेळलेल्या आंद्रे इग्वाडाला यांना त्यांनी राखीव बसायला सांगितले, आणि इग्वाडालांनी ते मान्य केले. स्वतः कधी बाकावर न बसलेल्या प्रशिक्षकाच्या तोंडून हीच विनंती अपमानास्पद वाटली असती, असे माझे मत आहे. पुढे २०१५ च्या अंतिम फेरीत क्लीव्हलँडविरुद्ध संघ १-२ ने मागे असताना चौथ्या सामन्यात इग्वाडाला पहिल्या पाचांत आले, संघाने सलग तीन सामने जिंकले आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तेच ठरले. ही कल्पना निक युरेन या तरुण सहायकाची होती, हे कर यांनी नंतर उघडपणे सांगितले. आमच्याकडच्या जिल्हा स्पर्धांत सहायकाचे नाव कोणी घेतल्याचे मला तरी आठवत नाही.

वॉरियर्सच्या अव्वल खेळाडूचे नाव घेऊन, ‘स्टीफन करीसारखा खेळाडू असल्यावर कोणीही जिंकेल’, असे एक पालक म्हणाले. त्यात तथ्य आहे. करी जायबंदी होता त्या २०१९-२० च्या हंगामात संघाने ६५ पैकी १५ सामनेच जिंकले. पण कर येण्यापूर्वीच्या हंगामात, करी संघात असूनही, विजय ५१ होते आणि त्यांच्या पहिल्याच वर्षी ते ६७ झाले. हे आकडे सांगेपर्यंत ते गृहस्थ मुलीला घेऊन निघून गेले होते.