आमची वाटचाल : बार्जपासून जहाजापर्यंत

आमच्या फर्मचं काम गोव्यातल्या मांडवी-जुवारी नद्यांतल्या खनिजाच्या बार्जपासून, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू होड्यांपासून, सुरू झालं. पावसाळ्यात मांडवीचं आग्वादकडचं तोंड बंद झालं की बार्ज कुंभारजुवे कालव्यानं मुरगावकडे जायच्या, आणि नेमकं तेव्हाच नदीचं पाणी गोडं झालेलं असायचं. खाऱ्या पाण्यात 3.20 मीटर बसणारी पेटीसारखी बार्ज तेवढ्याच मालाला गोड्या पाण्यात 3.28 मीटर बसते. हे 8 सेंटीमीटर धरले नाहीत तर बार्ज रेतीवर टेकते. आधी पाण्याची घनता, मग बाकीचं, ही शिस्त तिथली. 2012 मध्ये गोव्यातलं खाणकाम थांबलं आणि आम्ही आयात मालाच्या जहाजांकडे वळलो.

"जहाजात किती टन माल घेता येईल?" याचं उत्तर वाटेतल्या सगळ्यात उथळ जागेवर असतं. समजा तिथे चार्टवरची (सागरी नकाशावरची, ओहोटीच्या वेळची) खोली 10.0 मीटर आहे आणि पार होताना भरती 2.8. एकूण पाणी 12.8. कीलखाली, म्हणजे जहाजाच्या तळाखाली, ड्राफ्टच्या (जहाज पाण्यात जितकं खोल बसतं त्याच्या) 10 टक्के पाणी हवं असेल तर 12.8 ला 1.1 ने भागायचं : 11.63 मीटर. बरेच जण 12.8 मधूनच 10 टक्के वजा करून 11.52 काढतात. ड्राफ्टच्या दर सेंटीमीटरला 57 टन माल धरला तर सव्वासहाशे टन विनाकारण किनाऱ्यावर राहतात. भरतीचा आकडा मात्र जहाज पोचेल त्या दिवसाचाच हवा. उधाणाचा (मोठ्या भरतीचा) धरला आणि जहाज आठवडाभर उशिरानं भांगावर (लहान भरतीवर) पोचलं, तर सगळं गणित कोसळतं.

पुढे जहाजाचं कोष्टक. 11.63 ला डिस्प्लेसमेंट (मालासकट जहाजाचं एकूण वजन) 61,500 टन, पण ते 1.025 घनतेच्या समुद्राच्या पाण्यात. बंदरातलं पाणी 1.018 असेल तर 61,080. त्यातून रिकाम्या जहाजाचे 11,000, इंधन 900, गोडं पाणी 250, उपसूनही उरलेलं बॅलास्ट (तोल राखायला टाक्यांत घेतलेलं पाणी) 150 आणि कॉन्स्टंट (गाळ, सामान असं हिशेबात न धरलेलं वजन) 300 वजा. माल 48,480 टन. इंधनाचा आकडा उथळ जागी पोचतानाचा. प्रवासात जळणारं इंधन तेवढी मालाला जागा देतं. लोडलाइनची (जहाजाला कायद्यानं बुडता येईल त्या खुणेची) मर्यादा याहून कमी निघाली तर तीच लागू.

चूक सूत्रात क्वचितच असते. पाण्याचा नमुना वरवरचा घेतला जातो. पावसात गोडं पाणी वर तरंगतं, म्हणून आम्ही निम्म्या ड्राफ्टच्या खोलीवरून, पुढे-मध्ये-मागे असे तीन नमुने घेतो. कॉन्स्टंट जुन्या कागदावरून उतरवला जातो, तर बॅलास्ट टाकीतला गाळ दरवर्षी वाढत असतो. तो रिकाम्या जहाजावर पुन्हा काढावाच.

सगळ्यात महाग पडते ती ट्रिम, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ड्राफ्टमधला फरक. मागचा ड्राफ्ट 11.63 आणि पुढचा 30 सेंटीमीटर कमी असेल तर सरासरी 15 सेंटीमीटर घटते, म्हणजे 855 टन गेले. 32 मीटर रुंदीचं जहाज एक अंश जरी कललं, तरी एक कड 28 सेंटीमीटर खाली जाते. म्हणून शेवटचे हजार टन राहिले की लोडिंग थांबवायला लावतो, होडीतून समुद्राकडची बाजू धरून दोन्ही बाजूंचे पुढे-मध्ये-मागे असे सहाही ड्राफ्ट वाचतो आणि उरलेला माल पुढच्या-मागच्या होल्डमध्ये (मालाच्या कोठारांत) किती-किती टाकायचा ते चीफ ऑफिसरसोबत ठरवतो.